त्या जागेवर नाहीत

फोन वाजला तेव्हा माझ्या एका हातात डिंकाची बाटली होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटांना पत्त्याची चिठ्ठी चिकटून बसली होती, म्हणून रिसीव्हर मी खांद्यानंच कानाशी दाबला आणि रोज म्हणते तेच म्हटलं, नमस्कार, वेलांटी प्रकाशन, बोला. आधी नुसती खरखर आली. मग एक बाई, ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी इतक्या मोठ्यानं, म्हणाली, "हॅलो, तिथं पुष्पांजलीबाई हायेत काय?" आणि मी म्हटलं, "त्या जागेवर नाहीत. काही निरोप आहे का?" पुष्पांजलीबाई मीच. पलीकडे माझी आई होती. वाक्य तोंडातून निघून गेल्यावर, चिठ्ठी पाकिटावर नीट बसवत असताना ते माझ्या ध्यानात आलं.

आता असं कसं झालं, हे कुणाला सांगायला गेले तर हसतील. सख्ख्या आईचा आवाज ओळखू येत नाही का? येतो. पण ते वाक्य माझं राहिलेलंच नाही, ते ऑफिसच्या टेबलासारखं ऑफिसचं झालं आहे. बुलढाण्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं प्रकाशन आहे. रमाकांत सर मालक, संपादक आणि विक्री अधिकारीही. मी कार्यालयीन सहाय्यक, म्हणजे उरलेलं सगळं. कुरिअर माझं, पोस्ट माझं, ग्रंथालयांची पार्सलं माझी, प्रकाशन समारंभाला शाल आणि नारळ आणायचे तेही माझ्याकडेच, आणि वक्ता ऐनवेळी आला नाही तर सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या कानात सांगायचं तेही मीच. लोकांना वाटतं प्रकाशनात पुस्तकं छापतात. छापतात कधीमधी. बाकीचे दिवस आम्ही नाही म्हणतो, तेही नाही हा शब्द न वापरता. कवी फोन करतात, निवृत्त मुख्याध्यापक फोन करतात, एक आजोबा आत्मचरित्राचा चौथा खंड घेऊन जिना चढतात, आणि प्लायच्या पार्टिशनमागे सर मिरचीभजी खात असताना मी म्हणते, सर जागेवर नाहीत, काही निरोप आहे का? भज्याचा वास आजोबांच्या नाकाशी गेलेला असतो. तेही काही बोलत नाहीत आणि मीही नाही. ही आमच्या धंद्याची रीत आहे, आणि मी त्यात इतकी तयार झाले की सर स्वतःच एकदा म्हणाले, तुमचं नाही ऐकून माणूस आभार मानून जातो.

तो आवाजसुद्धा माझा नाही. नोकरीला लागले तेव्हा पुण्याच्या एका विक्रेत्याला मी फोनवर म्हटलं होतं, पार्सल आजच पाठवून राह्यलो जी. तो हसला. हसला आणि पलीकडे कुणाला तरी ते वाक्य म्हणून दाखवलं, मग तेही हसले. सर भले माणूस, रागावले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी घरचा रेडिओ आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, बातम्या ऐकत जा मॅडम. मी ऐकल्या. बातम्या देणाऱ्या बाईमागून पुटपुटत गेले, मला, तुला, त्याला, पाठवत आहोत, कळवण्यात येईल. शब्दांच्या शेवटी कुठं थांबायचं ते शिकले. वर्षभरात मुंबईचे लेखक विचारायला लागले, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का? मला काय आनंद व्हायचा! लाज वाटावी इतका. घरी आल्यावर जिन्यातच तो आवाज उतरवून ठेवायचे आणि आत जाऊन सासूबाईंना म्हणायचे, जेवल्या काय जी? दोन आवाजांची एकमेकांशी कधी गाठ पडू दिली नव्हती. आईनं माझा तो दुसरा आवाज कधीच ऐकला नव्हता. आई अमडापूरला, मी इथं; तिचे फोन संध्याकाळी मोबाइलवर यायचे, आणि ऑफिसात मोबाइल ड्रॉवरमध्ये, असा सरांचा नियम. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. शेजारची मुबीना नंबर लावून देते आणि फोन चुकून त्याच कानाला लावते.

तेव्हा झालं ते असं. खरं तर त्याच क्षणी हसून म्हणायला हवं होतं, माय, मीच व्हय वो. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात आई म्हणाली, "नाईत काय? बरं झालं मंग." आणि त्या बरं झालं-मध्ये असं काही सुटल्यासारखं होतं, दिवसभराचं ओझं ओट्यावर टेकवल्यासारखं, की मी गप्प बसले. आई माझ्याशी बोलताना तिचा आवाज सुटा नसतो. त्यात नेहमी एक सावधपणा असतो, पोरीला घोर लागू नये म्हणून धरलेला. आता तो नव्हता.

"बाई, तुमी कोन ते मले मालूम नाई," आई म्हणाली, "पन तुमी तिच्या संग बसता, म्हनून बोलते. मी तिची माय. नंबर तुमच्या कॅलिंडरवरून घेतला, माह्या चुलीपाशी टांगेल हाय. आईका. माहा पोरगा पुन्याले असते. पुढच्या रव्वारी मले घ्याले येऊन राह्यला. कायमचं. घराची बी त्यानं सोय लावली. चांगला हाय पोरगा, त्याच्यात काई नाई. पन मले तिथं नाई जमत, बाई. मांगच्या बारीले गेली व्हती त नातवंडं माहं बोलनं मोबाइलात भरून घेत अन् दोस्ताईले आईकवत. सून म्हने, आई, लोकांसमोर मले-तुले नका म्हणू. मी मंग बोललीच नाई. महिनाभर मुकी राह्यली."

मी "हं" म्हटलं. फक्त हं. रेडिओवरच्या बाईनं म्हटला असता तसा हं.

"तं मले असं इचाराचं हाय," आई म्हणाली, आणि थांबली. मुबीनाच्या घरातली भांडी वाजलेली ऐकू आली. "मी पुष्पीकडं राह्यली त चालन काय? लेकीच्या घरी राहू नाई, मले समजते. तिचं घर लहान हाय, सासू हाय, थेबी समजते. पन मी कोपऱ्यात पडून राहीन. तुमी तिले इचारजा. माहं नाव नका सांगू. तुमच्याच मनानं इचारा, का वो पुष्पांजलीबाई, तुमची आई आली राहाले तुमच्याकडं तं? अन् तोंडाकडं पाह्यजा तिच्या. मी इचारलं त थे हावच म्हनन, तोंडावर कोन नाई म्हनते? तुमी इचारा. तिनं खाली पाह्यलं त समजून घेजा, अन् पुढं काई बोलू नका. तिले नाई म्हनाची तकलीफ नाई झाली पाह्यजे. मी मंगळवारी फोन करते."

"बरं. विचारते," मी म्हटलं. "ठेवू?"

"ठेवा बाई. भल्लं गोड बोलता तुमी."

रिसीव्हर ठेवला आणि मी पाकिटाकडे बघत राहिले. कुठल्याशा वाचनालयाचा पत्ता वाकडा चिकटला होता, मी तो बोटानं सरळ करत बसले, तो आता सरळ होणार नव्हता हे कळत असूनही. थोड्या वेळानं उमगलं की मी मघापासून खालीच बघते आहे. तिनं म्हटलं, मी पुष्पीकडं राह्यली त चालन काय, आणि माझी नजर त्याच शब्दाला खाली गेली होती. कुणी बघत नव्हतं. दारात आमचे बाइंडर बशीरभाई पुस्तकांचा गठ्ठा खांद्यावरून उतरवत होते तेवढे होते.

"कोनाचा फोन व्हता मॅडम? चेहरा उतरेल दिसून राह्यला."

"एका लेखिकेचा," मी म्हटलं. "छापायचं का विचारत होत्या."

"मंग? छापा ना. सायबाले सांगा." बशीरभाईंना सगळ्यांचं सगळं छापावं असंच वाटतं, शिलाई त्यांनाच मिळते.

"जागा नाही," मी म्हटलं, आणि उठून मोरीवर जाऊन हाताचा डिंक धूत राहिले.

माझ्या लग्नाला पंचवीस-एक वर्षं झाली आणि आईनं माझ्या घरचं पाणी प्यायलेलं नाही. यात भांडण नाही, रुसवा नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं आईबापानं खायचं-प्यायचं नाही अशी आमच्याकडे पद्धत आहे, आणि मला मूल झालं नाही. वडील अमडापूरच्या शाळेत मास्तर, पुस्तकातली नावं ठेवणारे, मुलीचं पुष्पांजली, मुलाचं शौनक; ते असल्या गोष्टी मानत नसत, पण तेही आईच्या पुढं जाऊन माझ्याकडे चहा घेत नसत, म्हणत, तिला एकटीला कसं वाटेल? सुरुवातीच्या वर्षांत आम्ही दोघी त्यावर हसायचो. औंदा पेते मी तुह्या घरचं पाणी, आई दर दिवाळीला म्हणायची. मग अकोल्याच्या डॉक्टरांचे कागद झाले, नवस झाले, आणि एका दिवाळीला ती तसं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. त्यानंतर डोळे दाखवायला ती बुलढाण्याला यायची तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली असायची आणि फडक्यात दशमी. माझ्या घरात, माझ्या खाटेच्या अगदी काठावर बसून ती आपली दशमी खायची, उन्हाळ्यात त्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायची, आणि मी माठाशेजारी उभी राहून इकडचं तिकडचं बोलायचे. एकदा सासूबाईंनी मुद्दाम म्हणा, विसरून म्हणा, तिच्यापुढं चहा ठेवला. आईनं कपाला हातही लावला नाही आणि नको असंही म्हटलं नाही. चहावर साय आली. ती गेल्यावर मी तो मोरीत ओतला आणि तिथंच उभी राहून रडले, मुलासाठी नाही, त्याचं रडून झालं होतं. त्या कपासाठी रडले.

आणि ही बाई, ज्या घरात पाणी प्यायची नाही त्या घरात जन्म काढायचं विचारत होती. विचारत होती तेही परक्या बाईला. तिनं हे किती दिवस मनात घोळवलं असेल? कॅलेंडरवरचा नंबर चुलीपाशी उभं राहून रोज वाचला असेल, आणि रोज मुबीनाला हाक मारता मारता परत फिरली असेल. इतकं सगळं मोडून ती माझ्या दारापर्यंत आली होती, आणि दारात ऑफिसची बाई उभी होती. घरी चालत जाताना मी हेच घोळवत होते. बस चुकवून मुद्दाम चालत निघाले होते. बाजारातून जाताना मनात सारखं मोजमाप चालू होतं. लोखंडी कपाट आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये खाट बसेल का? मशीन विकलं तर बसेल. आई खोकते, सासूबाईंची झोप सावध. आईची आंघोळ उशिरा, आमच्याकडे नळ पहाटेचा. मोजमाप करता करता माझ्या लक्षात येत होतं की मी अडचणी मोजते आहे, आणि मोजायला मला सोपं जातं आहे. आईवर माझा जीव आहे. हे मी कुणापुढेही छातीवर हात ठेवून म्हणेन. तरी कपाट आणि मशीनमधली ती जागा डोळ्यांपुढं आली की जीव जरा मागं सरायचा, हेही खरं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहतात हे मला त्या दिवशी बाजारात कळत नव्हतं.

सकाळी चहाच्या वेळी मी यांना विचारलं. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतात, मोजकं बोलतात, कुणाचं वाईट केलेलं नाही. म्हणाले, "शौनक आहे ना?" मी म्हटलं, "तिले नाई करमत तिथं." ते थोडा वेळ बशीत बघत राहिले. मग म्हणाले, "आण ना. मी कुठं नाही म्हणतो?" आतून सासूबाई म्हणाल्या, "आना बापा. पन झोपवसान कुठं त्याईले, माह्या डोक्शावर?" आणि हे हसले, मीही हसले, म्हणजे परवानगी मिळाली. मी कुठं नाही म्हणतो. सरांच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर मला अशी वाक्यं ओळखता येतात. पण त्यांना दोष देण्यात काय अर्थ? माझंही हो त्याच सुताचं होतं. एवढं मात्र मी ठरवलं की ते पातळ आहे हे आईला कळू द्यायचं नाही. एकदा ती आली, त्या खाटेवर पडली, की पुढचं पुढं. माणसं राहायला लागली की घर मोठं होतं असं मी स्वतःला समजावलं. ऑफिसच्या बाईनं घट्ट, स्पष्ट हो सांगायचं, आणि आईला वाटायला हवं की तिच्या पोरीनं काही माहीत नसताना, आपणहून, वर मान करून ते म्हटलं. खोटं बोलणं हे माझं कामच होतं. पहिल्यांदाच ते माझ्या उपयोगी पडणार होतं.

मंगळवारी मी लवकर जाऊन टेबलाशी बसले. सरांनी फोनला हात लावू नये म्हणून त्यांना एका स्मरणिकेची मुद्रितं तपासायला दिली. तीन-चार फोन भलतेच आले, एका कवीला मी कधी नव्हे ते तोडून टाकलं, तो बिचारा सॉरी म्हणाला. मग ती खरखर आली.

"बाई, मी पुष्पीची माय. इचारलं काय जी?"

"हो, विचारलं." माझा आवाज छान लागला होता. "सहज विषय काढला. त्या म्हणाल्या, येऊ दे की. केव्हाही येऊ दे."

"लगेच म्हनाली, का थांबली?"

"लगेच म्हणाल्या."

"खाली त नाई पाह्यलं?"

"नाही हो. माझ्याकडे बघूनच म्हणाल्या. त्यांना आनंद झाला." हे शेवटचं उगीच जोडलं. जोडल्यावर वाटलं, खरंच झाला असता तर.

 पलीकडून एक बारीक आवाज आला, आणि मला आधी वाटलं फोनचीच खरखर, पण आई रडत होती. वडील गेले तेव्हा ती माझ्यापुढं रडली नव्हती, शौनकच्या पुढंही नाही. आता परक्या बाईपुढं मोकळी रडत होती आणि रडता रडता बोलत होती, "मले वाटलं व्हतं थे नाई म्हनन. सच्ची सांगते बाई, मले वाटलं व्हतं. मी तिच्या घरचं पानी नाई पेली कधी. तिले वाटत असन मायनं पाप केल्यासारखं केलं. पाप नोहतं वो. मी वाट पाहून राह्यली व्हती, तिचं लेकरू हातात घेऊन पेईन म्हनून. मंग थांबाव कसं, थेच समजलं नाई..." आणि तिला खोकला आला. तो तिचा खोकला मला माहीत आहे, एकदा लागला की श्वास पुरत नाही, ओठ निळे पडतात, कुणीतरी पाठीवर हात ठेवून खाली बसवावं लागतं. ती उभी असणार, फोनवर बोलताना ती नेहमी उभी राहते. खोकला थांबेना. आणि मी ओरडले, "माय! बस न वो खाली! मुबीनाले पानी माग, बस आधी!"

खोकला हळूहळू ओसरला. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मुबीना काहीतरी विचारत होती. पार्टिशनमागे सरांच्या पेनचा आवाज थांबला होता. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता आणि वाट बघत होते की आई शिवी देईल, पुष्पे म्हणेल, कायले खेळ मांडला व माहा म्हणेल. तिनं तसं केलं असतं तर सगळं सरळ झालं असतं. मी रडले असते, माफी मागितली असती, मिळेल त्या बसनं तिला आणायला गेले असते.

"बाई," आई म्हणाली. सावकाश, एकेक शब्द चाचपत. "आपले फार आभार आहेत. पुष्पांजलीला सांगा, मी विचार बदलला. मी मुलाकडेच जाणार आहे. मला तिथे काही त्रास नाही. तिला म्हणावं, काळजी करू नये."

ही वडिलांची मराठी होती. भिंतीपलीकडच्या शिकवण्यांतून ती आईनं सगळा जन्म ऐकली होती आणि एकदाही तोंडात घेतली नव्हती. मला वाटलं नव्हतं ती तिला येते. एकही चूक नव्हती. मी "माय" म्हटलं, परत म्हटलं, पण फोन ठेवलेला होता. उलट लावला तर मुबीना (ती आईला खाला, म्हणजे मावशी म्हणते) म्हणाली, खाला घरी गेल्या, पाठ फिरवून गेल्या, कोन काय बोललं त्याईले?

शनिवारी मी अमडापूरला गेले. आई भांडी पोत्यात भरत होती, निम्मी मुबीनाकडे द्यायची म्हणून वेगळी काढली होती. मला बघून नेहमीसारखी म्हणाली, आली काय व, ऊन लागलं असन. मी चप्पल काढता काढताच म्हटलं, "माय, माह्याकडं चाल." ती हसली. "येडी झाली काय? लेकीच्या घरी कोनी राह्यते काय?" वर्षानुवर्षं याच सुरात ती हे म्हणत आली होती. मी म्हटलं, मी खाटेची जागा केली, मशीन काढून टाकलं. ते खरंही होतं. शुक्रवारीच मशीन काढलं होतं, आणि ती मोकळी जागा बघून मला खरोखर बरं वाटलं होतं. उशिरा का होईना, माझं हो आता घट्ट झालं होतं. मी परत परत म्हटलं, शेवटी चिडले, तिच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं. तिनं ते घेऊ दिलं. माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेनं, आणि मला कळलं की मी काहीही म्हटलं तरी आता तिला ते खोकल्याच्या वेळचं ओरडणंच ऐकू येणार. तोंडावर म्हटलेलं हो तिला नको होतं. ते तिनं आधीच सांगितलं होतं, आणि सांगितलं होतं मलाच.

तिनं मला जेवू घातलं. जेवताना शौनकच्या इमारतीची लिफ्ट, सुनेचा रक्तदाब, असलं सगळं बोलली. मग ताटात भाजी वाढत, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "तुमच्या हापिसात थे एक बाई हाय न. फोनवाली."

"हाय," मी म्हटलं.

"भल्ली चांगली हाय. तिले सांगजो, मी पुन्याहून तिले फोन करत जाईन."

 "अन् मले नाई करनार काय?"

"तुले बी करीन ना. पन तुले काय सांगू मी? तुह्या जीवाले घोर." तिनं भाजीचं पातेलं झाकलं. "तिच्यासंग बोलता येते."

रविवारी शौनक आला, गाडीत पोती भरली, माझ्या पाया पडला, आणि दोघं गेली. मला ती संध्याकाळी मोबाइलवर फोन करते. खुशाल आहे, नातवंडं गुणी आहेत, सून जिवाला जपते. तोच सावध आवाज. आणि मधेच एखाद्या दुपारी, शौनक कामावर आणि सून झोपलेली असते तेव्हा, ऑफिसचा फोन वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा रिसीव्हर उचलताच आईचा खोकला ऐकू आला. वाटलं, आता स्वच्छ म्हणावं, माय, मी हाय, बोल माह्यासंग. मग वाटलं, तसं म्हटलं तर हाही बंद होईल.

"नमस्कार, वेलांटी प्रकाशन, बोला," मी म्हटलं.

"बाई, मी पुष्पीची माय. थे हाय काय तिथं?"

"त्या जागेवर नाहीत," मी म्हटलं. "काही निरोप आहे का?"

"बरं झालं," आई म्हणाली, आणि तिनं सांगायला सुरुवात केली. इथं खिडक्या उघडत नाहीत. दिवसभर कुणी हाक मारत नाही. तोंडातल्या तोंडात ती एकटीच मुबीनाशी बोलते, अन् सुनेनं ते पाहिलं. पुष्पीकडं जायचं होतं, पण मग तिच्याकडून हो ओढून घेतल्यासारखं झालं असतं, अन् तिच्या मनातलं कधी समजलंच नसतं. हे तिले नका सांगू, ती प्रत्येक वाक्यानंतर म्हणत होती, आणि मी प्रत्येक वेळी, नाही सांगत, म्हणत होते. बशीरभाई गठ्ठे उतरवत होते, सर आत होते, मी टेबलावरची पाकिटं एकावर एक नीट लावत होते आणि माझा आवाज कुठंही हलला नाही.

"थे कशी हाय जी?" शेवटी तिनं विचारलं. "रडते-बिडते काय?"

"नाही हो," मी म्हटलं. "त्या बऱ्या आहेत."